गोळी चालू ठेवा, वजनकाटाही आणा
(उत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून कॅरेज-वॅगनमध्ये लागलेला माणूस. पण माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि ९ वर्षे त्याची औषधे मीच आणतो, म्हणून समितीने हा विषय माझ्याकडे दिला. घरची गोष्ट माइकवरून सांगतोय, ती त्याला विचारूनच.

भावाला ओलान्झापिन सुरू झाले आणि हळूहळू त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. तो पुन्हा पेपर वाचू लागला. पण सहा महिन्यांत वजन ११ किलोंनी वाढले. रात्री दोन वाजता उठून डबे धुंडाळायचा. लोक म्हणाले, "बसून खातो, दुसरं काय!" ते ऐकून तो एकदा म्हणाला, "दादा, गोळी बंद करतो." घरचे घाबरले ते या वाक्याला. गोळी मनाने सोडली की आजार उलटण्याची भीती फार.

ही भूक त्याच्या स्वभावातली नव्हतीच. हे औषध मेंदूत डोपामिनबरोबर हिस्टामिन आणि सेरोटोनिनचेही काही रिसेप्टर अडवते, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याचे लवकर कळत नाही. शिवाय इन्सुलिनचा गुण कमी पडतो. वजन फारसे न वाढताही साखर चढू शकते. क्लोझापिन व ओलान्झापिनमध्ये हा त्रास सर्वांत जास्त, रिस्पेरिडोन व क्वेटियापिन मधले, अरिपिप्राझोलमध्ये बराच कमी. मग सर्वांना तेच का देत नाहीत? कारण सर्वांना तेच लागू पडत नाही. क्लोझापिन तर इतर औषधांनी हात टेकल्यावर कामाला येते.

२००४ मध्ये अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून तपासणीचे वेळापत्रक दिले. औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल. वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, बाकी रक्ततपासण्या १२ आठवड्यांनी, पुढे साखर व रक्तदाब निदान दरवर्षी. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचे. आपण डब्याचे शेड्यूल चुकवत नाही, पीएमई झाल्याशिवाय ड्रायव्हरला गाडीवर पाठवत नाही. भावाच्या फाइलवर मात्र पहिले वर्षभर वजनाचा रकाना कोरा होता!

नंतरच्या डॉक्टरांनी सगळे तपासले. साखर काठावर निघाली. गोळी तीच ठेवून मेटफॉर्मिन जोडले, गोड चहा आणि थंड पेये बंद केली, संध्याकाळी मी त्याला ग्राउंडवर घेऊन जातो. ११ पैकी ५ किलो उतरले. बाकीचे हटत नाहीत, पण तो दुकानात कामाला जातो.

प्रसादाला तो इथेच असतो. उकडीचा एक मोदक खाईल, दुसऱ्याचा आग्रह करू नका. आणि कुणाच्या घरी अशी गोळी चालू असेल, तर आरतीनंतर मी मंडपामागे बसलेलो आहे, या.