निळ्या रंगातला वादक

पाब्लो पिकासोचे ‘म्हातारा गिटारवादक’ हे चित्र १९०३-०४ सालचे, बार्सिलोनात रंगवलेले. मित्र कासाखेमासने १९०१ मध्ये आत्महत्या केली आणि त्यानंतर पिकासोच्या चित्रांत निळा रंग पसरत गेला. इथे वादकाचे अंग, फाटके कपडे, मागची भिंत सारेच निळे आहे. हा रंग केवळ दुःखाचा मानणे अपुरे ठरेल. तो माणसाला आणि भोवतालाला एकाच थंडीत गोठवतो. गिटार मात्र तपकिरी आहे, त्यामुळे नजर आधी तिच्यावरच जाते.

मांडी घालून बसलेला वादक उभ्या चौकटीत कसाबसा मावतो. मान वाकलेली, खांदे टोकदार, हातपाय गरजेपेक्षा लांब. हे ताणलेले शरीर एल ग्रेकोच्या चित्रांची आठवण करून देते. डोळे मिटलेले आहेत; वादक अंध मानला जातो. बाहेरचे जग हरवलेल्या या माणसाजवळ उरली आहे ती कला, असा अर्थ त्यातून लावतात. तो पटण्याजोगा आहे, पण चित्रात पोटापाण्याची विवंचनाही तितकीच दिसते.

वादकाच्या मानेवर नीट पाहिल्यास एका स्त्रीचा पुसट चेहरा जाणवतो. तो जुन्या, झाकलेल्या चित्राचा भाग असल्याचे क्ष-किरण तपासणीत दिसले. त्याला प्रतीक समजू नये. ‘म्हातारा गिटारवादक’ १९२६ पासून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे.