कोरी कॉफी की दुधाची?

आज आपण कॉफीबद्दल बोलू या. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी तर चहाच असतो. खरं आहे. पण नवी मुंबईत कॉफी आता परकी राहिलेली नाही. १९७० साली सिडको आली, आपल्या गावांच्या शेतजमिनीवर शहर उभं राहिलं आणि कामाधंद्याला केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातली माणसं इथे वसली. त्यांच्यासोबत स्टीलचा कॉफी फिल्टरही आला. नेरुळ-वाशीला घरकामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी बायांनी हे दुमजली भांडं घासलंय आणि त्यातली कॉफीही प्यायलीय.

वरच्या डब्यात कॉफीची पूड दाबून भरायची, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात दाट, काळा अर्क उतरतो. त्यात गरम दूध घातलं की फिल्टर कॉफी झाली, नुसतं पाणी घातलं की कोरी कॉफी. कुणी वरून चमचाभर सायही घालतं. आपण साय तुपासाठी विरजून ठेवणाऱ्या, त्यामुळे आपल्याला ते जरा जिवावर येतं!

मग चांगली कुठली? कोरी की दुधाची?

कोरी कॉफी साखरेशिवाय घेतली तर तिच्यात उष्मांक नसल्यातच जमा. पण कडू लागते म्हणून तीन चमचे साखर घातली, तर कोरी घेण्याचा फायदा गेला. दुधाची कॉफी पोटाला बरी वाटते, दुधातलं थोडं प्रथिन आणि कॅल्शियमही मिळतं. पण दोन चमचे दुधाने रंग बदलतो, पोषण होत नाही. आणि दूध घातलं म्हणून कॉफीतलं कॅफिन कमी होत नाही. अर्क तेवढाच, तर कॅफिनही तेवढंच. फक्त कडूपणा झाकला जातो. तेव्हा कोरी की दुधाची, हे ज्याच्या त्याच्या जिभेने ठरवावं.

आपल्या बायांसाठी त्याहून मोठा प्रश्न आहे, कप कधी घ्यायचा?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी. जिना चढताना धाप लागते, डोकं गरगरतं, आणि आपण म्हणतो, काम जास्त झालं असेल.

रक्तासाठी लोह लागतं. पालेभाजी, डाळी, नाचणी, बाजरी यांत ते असतं. पण चहा-कॉफीतले काही घटक हे लोह पोटातच धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने मात्र काही बिघडलं नाही. दूध घातलं म्हणून हे टळत नाही, कारण दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं.

आता आपली सकाळ आठवा. पोरांचे डबे, पाणी, केरवारा, मग पनवेलची लोकल नाहीतर एस.टी. पोटात काही नाही, नुसता कप. त्याने भूक मरते आणि दुपारपर्यंत ढकलता येतं. काही जणी चपाती चहात बुडवून खातात. आणि उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी? तीही चहाच्याच घोटासोबत! गोळी घेतली खरी, पण तिचं बरंच लोह वाया गेलं.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवू या.

पहिली, जेवण आणि कप यांत आधी आणि नंतर निदान एक तास ठेवायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही हाच सल्ला आहे. जेवणानंतर दोन तास थांबलात तर आणखी बरं.

दुसरी, लोहाची गोळी पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यायची. चहा, कॉफी, दूध यांच्यासोबत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही.

तिसरी, भाजीवर लिंबू पिळायचं, आवळा, पेरू खायचा. त्याने लोह चांगलं अंगी लागतं.

चौथी, कप मोजायचे. राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको. फिल्टर कॉफीच्या दीडशे मिलिलिटरच्या कपात ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीन कप झाले की हद्द आली. पोटुशी बाईने त्याहून कमी घ्यावी आणि किती चालेल ते डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारावं.

कॉफी सोडा असं मी म्हणत नाही. दुपारी चारला काम आटोपून निवांत बसून घेतलेला कप, कोरा असो वा दुधाचा, मनाला बरं वाटतं. तो जरूर घ्या. फक्त तो जेवणाच्या ताटाजवळ नको, आणि जेवणाच्या बदल्यात तर नकोच नको. पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा, ताई, सकाळी खाल्लंस का? आणि रक्त शेवटचं कधी तपासलंस?