पदवीचे पैसे भरण्याआधी

भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल पकडणाऱ्या कितीतरी मुलांच्या मोबाइलवर नोट्स उघडलेल्या दिसतात. बारावीनंतर नोकरी धरली, की पदवी अशीच, दूरशिक्षणाने घ्यावी लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ‘एका वर्षात पदवी’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरू नका. बीए, बीकॉम सहसा तीन वर्षांचं असतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे. कुठेही प्रवेश घ्या, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता तपासा. नुसत्या विद्यापीठाची नव्हे, त्याच अभ्यासक्रमाची, याच वर्षाची. फी विचारताना परीक्षा शुल्क वेगळं आहे का आणि परीक्षेचं केंद्र कुठे, हेही आधीच विचारून घ्या.