मुक्त जॅझमधील मुंबईचा स्वर : ऑर्नेट कोलमन आणि आशा पुथली

(वडपे, ता. भिवंडी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन (१९३०–२०१५) यांच्या कार्याची चर्चा बहुधा १९५९ च्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम' या ध्वनिमुद्रिकेभोवती फिरते. परंतु सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित झालेल्या आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'सायन्स फिक्शन'मधील दोन गीतांकडे मराठी रसिकांनी आवर्जून वळायला हवे, कारण ती मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांनी गायिली आहेत.

मुंबईला जॅझ परका नव्हता. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे वाद्यवृंद वाजत होते. पुढे गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) सारख्या चित्रपटांत हा बाज लोकांच्या ओठी नेला. अशा शहरात हिंदुस्थानी संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोन्हींचे शिक्षण घेऊन आशाताई अमेरिकेत गेल्या, आणि बिली हॉलिडे यांचे पहिले ध्वनिमुद्रण घडवून आणणारे कोलंबियाचे जॉन हॅमंड यांच्यामार्फत कोलमन यांच्यापर्यंत पोहोचल्या.

आशाताईंपुढील काम अवघड होते. रूढ जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी उमटणारे स्वरसमूह, ठरलेल्या क्रमाने येतात आणि वादकाची उत्स्फूर्त स्वररचना त्या क्रमावर उभी राहते. कोलमन यांनी या क्रमाचे बंधन सैल केले आणि आपल्या वृंदातून पियानोही बहुधा वगळला. त्यामुळे गायिकेला स्वराचा आयता आधार उरला नाही. 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ' या, मिळून सुमारे सात मिनिटांच्या, रचनांत मुख्य धून संथपणे पुढे सरकते, तर तिच्याखाली एड ब्लॅकवेल व बिली हिगिन्स यांचे ड्रम आणि चार्ली हेडन यांचा बास अखंड खळबळत राहतात. अशा प्रवाहात षड्ज मनात पक्का धरून स्वर दीर्घकाळ स्थिर ठेवणे, ही आलापीच्या रियाजातून येणारी शिस्त येथे गाण्याचा कणा ठरते.

पाश्चात्त्य संगीतात सतारीचे आकर्षण वाढलेल्या त्या काळात या गीतांत तबला, सतार वा सरगम नाही, हे महत्त्वाचे आहे. भारतीयत्व येथे सजावट म्हणून नव्हे, तर ऐकण्याच्या आणि स्वर लावण्याच्या पद्धतीत आहे. पुढे आशाताईंचे स्वतंत्र संग्रह निघाले आणि १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज'मधील 'स्पेस टॉक' नृत्यसंगीताच्या जगात गाजले. तथापि त्यांच्या कलेची खरी कसोटी १९७१ च्या या दोन गीतांत लागली. म्हणूनच मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिताना हॉटेले आणि चित्रपट यांवर न थांबता, या शहरात घडलेल्या कंठाने जॅझच्या सर्वांत धाडसी प्रवाहात बरोबरीने घेतलेल्या या सहभागाचीही नोंद करणे न्याय्य ठरेल.