घराचे कागद आणि कार्यकर्त्याचे काम

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. कसेल त्याची जमीन, असे सांगत आलेल्या चळवळीने प्लॉट, फ्लॅट आणि बँकेचे हप्ते यांची चर्चा कशाला करावी? प्रश्न रास्त आहे. डोक्यावर छप्पर मिळवून देणे ही शासनाची जबाबदारी आहे, ही आपली भूमिका आजही कायम आहे. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने मुंबईत गोरेगाव-दिंडोशीला कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमीन झगडून मिळवली आणि तेथे सामान्यांसाठी हजारो घरे उभी केली. परंतु 1976 चा तो कायदाच महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. शासन बाजूला झाले आणि सामान्य माणूस बाजारात एकटा उरला. त्या बाजारात त्याची लूट होते ती बहुधा एकाच क्षणी: कागद न वाचता इसार देण्याच्या क्षणी. तो क्षण आपण हुकवतो, हे माझे आजचे म्हणणे आहे.

आपल्याकडे घर घेणारा कोण आहे? मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला आलेला अल्पभूधारक, नांदेडच्या बाजारातला हमाल, निवृत्तीची रक्कम हाती आलेला एस.टी.चा वाहक, अंगणवाडी सेविका. एकर-दोन एकर विकून किंवा बायकोचे दागिने मोडून आणलेला हा पैसा असतो. तो एकदा बुडाला की त्या घराची एक पिढी बुडते.

अशा माणसाला सर्वांत स्वस्त दिसतो तो ‘बॉण्डवरचा प्लॉट’. शेताचे तुकडे पाडायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, बॉण्डवर मजकूर लिहून नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि ताबा द्यायचा. गरीब माणूस तो बॉण्ड देवघरात जपून ठेवतो. कायदा काय सांगतो? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 च्या निकालात करारनामा वा मुखत्यारपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे मालक मूळ शेतकरीच राहतो. त्याने तोच तुकडा दुसऱ्याला रीतसर विकला, तर आपला माणूस वर्षानुवर्षे न्यायालयात. बँकही अशा जागेवर कर्ज देत नाही, म्हणून तो सावकाराच्या दारी जातो. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट दिली. ती वाट अर्ज केल्याशिवाय आणि शुल्क भरल्याशिवाय उघडत नाही, हेही लोकांना सांगितले पाहिजे.

मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. इनाम जमिनी, देवस्थानाच्या व वक्फच्या जमिनी, 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालील कुळांचे हक्क यांचे धागे आजच्या प्लॉटपर्यंत पोचतात. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तेव्हा त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, जमीन वर्ग 1 ची की वर्ग 2 ची ते पाहा, जुने फेरफार आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक काढा. अकृषिक परवानगी आणि मंजूर रेखांकन यांच्या प्रती कचेरीतूनच घ्या, विकणाऱ्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका. नांदेडला गोदावरीची पूररेषा विचारा. 2016 मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळजोडणी आहे की नुसते बोअर आहे, हे विचारायला लाजू नका.

फ्लॅटसाठी 2016 चा रेरा कायदा आहे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. परंतु आठपर्यंत सदनिकांच्या किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या शहरांतल्या कितीतरी इमारती एवढ्याच असतात. तेथे 1963 चा मोफा कायदा हाताशी धरावा लागतो.

आता कर्ज. वीस लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे अठरा हजार येतो. एकूण फेड त्रेचाळीस लाखांवर जाते. पहिल्या हप्त्यातले पंधरा हजार व्याजाचे आणि फक्त तीन हजार मुद्दलाचे! मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे तेवीसशेने वाढतो, पण साडेसहा लाख वाचतात. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड लावता येत नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. विलंब बँकेचा असेल तर 1 डिसेंबर 2023 पासून दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. दुसरी बाजूही सांगा: हप्ते थकले तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात दावा न लावताही घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. नोटीस आली की लपू नये, लेखी उत्तर द्यावे. ताब्याची कारवाई झालीच, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

साथींनो, हे ज्ञान वकिलाच्या कपाटात आहे, वस्तीत नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ कागदवाचनासाठी ठेवा. एक निवृत्त तलाठी, एक तरुण वकील आणि एक बँक कर्मचारी एवढे पुरेत. पण केवळ सल्ल्यावर थांबू नका. शंभर लोकांचे कागद वाचले की कोणत्या गटात कोणी बेकायदा तुकडे पाडले, हे आपल्याला कळेल. मग मंजूर आणि नामंजूर रेखांकनांची यादी प्रत्येक प्रभागात जाहीर फलकावर लावा, ही मागणी घेऊन महापालिकेवर जाता येईल. एकट्याची फसवणूक ही त्याची शरम असते. शंभरांची फसवणूक एकत्र मांडली की तो राजकीय प्रश्न होतो. इसार देण्याआधी माणूस आपल्या कार्यालयाची पायरी चढला, तर आपले काम सुरू झाले असे मी समजेन.