दादीचं वाक्य कोणी कापलं?

(शालेय विद्यार्थ्यांच्या रेडिओ-टीव्ही कार्यशाळेच्या समारोपात केलेले भाषण)



चार दिवसांत तुम्ही बरंच शिकलात. रेकॉर्डिंगआधी पंखा बंद करायचा, माइक तोंडापासून वीतभर ठेवायचा, हेडफोन लावून ऐकत राहायचं. ‘शाळा आवडायची का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘शाळेचा शेवटचा दिवस कसा होता?’ असं विचारलं की माणूस बोलू लागतो.

हाच प्रश्न तुमच्यातल्या एकीनं आपल्या दादीला विचारला. दादी अकरा मिनिटं बोलल्या, कार्यक्रम होता तीन मिनिटांचा. त्या म्हणाल्या, “सातवीत पहिली आले होते. घरचे म्हणाले, आता बस झालं. मला शिकायचं होतं.” एडिटिंगला बसलेल्या मुलानं नेमकं हेच काढून टाकलं. का, विचारल्यावर म्हणाला, “सर, लोक आधीच आपल्याला नावं ठेवतात. त्यांच्या हातात आणखी कशाला द्यायचं?”

त्याची भीती खोटी नाही. बातमी शिष्यवृत्तीची असो की पाणीटंचाईची, मुस्लिम मोहल्ला म्हटलं की टीव्हीवर त्याच टोप्या, तेच बुरखे, पाठमोरी तीच गर्दी दिसते. अशी जुनी, साठवलेली दृश्यं पुन्हा पुन्हा वापरतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्ही विचाराल : हे दृश्य कधीचं? बोलणाऱ्याचं वाक्य कुठं तोडलं? कोणाला विचारलंच नाही?

पण हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. चॅनेलनं आपलं वाक्य कापलं तर तो अन्याय, आणि आपण दादीचं कापलं तर ती समाजाची इज्जत? असं कसं चालेल?

मग तो गट पुन्हा दादींकडे गेला आणि वाक्य ठेवू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “ते सांगायलाच तर बसले होते.” वाक्य राहिलं. शीरखुर्म्याचं वर्णन गेलं. माझ्या मते या कार्यशाळेतलं सर्वांत चांगलं एडिटिंग हेच.

हे आवाजाचं माध्यम आपल्या हक्काचं आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट खुली झाली. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ 2008 पासून माणदेशाच्या बोलीत बोलतं आहे. आपली दखनी, आपली कोकणी बोली माइकसमोर आली की लाजायचं कारण नाही.

केंद्र उभारायला पैसा आणि परवाना लागतो. सुरुवातीला मात्र शाळेचा लाऊडस्पीकर पुरतो. परिपाठात आठवड्यातून पाच मिनिटं मागून घ्या. मोहल्ल्यातला नळ, अर्ध्यात शाळा सोडलेला मित्र, रात्रपाळी करणारी अम्मी : विषय भरपूर आहेत. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या. नको म्हटलं तर माइक बंद करा.

आणि मुलींना फक्त निवेदनाला उभं करू नका. एडिटिंगची खुर्ची त्यांनाही द्या. काय ठेवायचं, काय काढायचं हे जिथं ठरतं, तिथं त्या नसतील तर दादीचं वाक्य पुन्हा कापलं जाईल.