ऐंशीच्या घरातली रेकॉर्ड



मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स डार्टफर्डच्या प्राथमिक शाळेतले सवंगडी. मध्ये ताटातूट झाली. १९६१मध्ये रेल्वे फलाटावर पुन्हा गाठ पडली. त्यांच्या ‘रोलिंग स्टोन्स’ने २०२३मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ काढला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम, तब्बल १८ वर्षांनी! सगळीच गाणी सरस नाहीत, हे मी चाहता असूनही सांगतो. पण ड्रमर चार्ली वॉट्स २०२१मध्ये गेले, तरी दोन गाण्यांत ठेका त्यांचाच, आधी मुद्रित केलेला. त्यातल्या एकात जुने बेसवादक बिल वायमनही आले. बँड सोडून ३० वर्षं झालेली.

आपल्या गॅदरिंगचा ढोलकीवाला आज नाही. दहावीची कॅसेट माझ्याकडे आहे, जेवणानंतर लावतो. पेटीवर कोण बसतंय?